वाटी धरणारी

अक्का, तुझ्या खोलीच्या दाराशी चपला काढून बसले आहे. म्हणजे आता तुला 'तू' म्हणायला मी मोकळी.

घरात, विहिरीवर, लग्नाकार्यात मी तुला जन्मभर 'तुम्ही' म्हणत आले. थोरल्या जावेला दुसरं काय म्हणणार? पण डोंगरातल्या आपल्या कपारीशी पोचलं की चपला काढायच्या आणि मानपानही त्यांच्याजवळच ठेवायचा, ही आपल्या घराची रीत. आत थोरली नाही, धाकली नाही. आत एक कुंचली धरणारी आणि एक वाटी धरणारी. पहिल्या वर्षी मी आत जाऊनही 'अहो अक्का' म्हणाले, तर तू म्हणालीस, "हितं अहो म्हनू नगं. खडक हसतो." मी खरंच खडकाला कान लावला. सातवी पास सून, आणि दगडाचं हसू ऐकत उभी. तू तोंडात पदर कोंबलास.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि आखिती, अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आखितीला तुझ्या नावाची पहिली घागर भरायची, ती तुझा दिगंबर भरेल. त्याची मला फिकीर नाही, लेक आहे तो तुझा. मला धाक आहे तो आदल्या दिवसाचा. कुंचली आता माझ्याकडे आली, अक्का. तुझ्या खोलीतल्या कोनाड्यात शिंदीच्या काड्यांची जुडी आहे, गेरूचा डबा आहे, डिंकाची पुडी आहे. मी येता-जाता तिथं डोकावते आणि हात न लावता परत फिरते. शेजाऱ्याच्या घरात चोरी करायला आल्यासारखी.

ज्यांनी आपली कपार पाहिली नाही त्यांना चार शब्द सांगते, नाहीतर म्हातारी कशाबद्दल बडबडून राहिली ते कुणाला कळायचं नाही. भोकरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आपली आंध आदिवासींची वस्ती. वस्तीमागचा चढ चढून गेलं की एक मोठा खडक ओसरीच्या छपरासारखा पुढं झुकलेला आहे. त्याच्या पोटाला लाल चित्रं आहेत. बैल, हरणं, हातात हात घालून नाचणारी माणसं, आणि खाली तळहातांचे ठसे, त्यातले काही तान्ह्या लेकरांचे वाटावेत एवढे लहान. कुणी काढली? आपण म्हणतो, आपल्याच लोकांनी. किती जुनी? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "माझ्या सासूच्या आधीची." त्यांच्या सासूनंही त्यांना हेच सांगितलं असणार.

दर वर्षी आखितीच्या आदल्या दिवशी घरातल्या दोन सुनांनी वर जायचं. थोरलीनं शिंदीच्या काडीचं टोक दातांनी चावून कुंचली करायची. धाकलीनं गेरू आणि धावड्याचा डिंक कालवलेली वाटी धरायची. जुन्या रेषेवरून नवा रंग फिरवायचा. नवी रेष काढायची नाही. "पायवाट हाय," तू म्हणायचीस, "तिच्यावरूनच चालायचं. रान तुडवायचं न्हाई." एकटीनं रंगवायचं नाही. वाटी भुईवर ठेवायची नाही, ती कुणाच्या तरी हातातच पाहिजे. आणि शिकवायचं तर मुळीच नाही. वाटी धरणारीनं बघत राहायचं. बघता बघता तिला आलं पाहिजे.

आता मला सांग, इतकी वर्षं मी काय बघत होते?

मी बोलत होते, अक्का. कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या घरी मिक्सर आला, कोणत्या बाईनं उसनं नेलेलं जातं परत केलं नाही. वर्षभराच्या खबरा मी तिथंच घेऊन यायचे, कारण तिथं तुझे हात गुंतलेले आणि तुला उठून जाता यायचं नाही. आता डोळे मिटले की तुझ्या पोलक्याची पाठ दिसते. उसवलेली शिवण कुठं होती आणि तू ती कोणत्या रंगाच्या दोऱ्यानं टाचली होतीस, ते सांगू शकेन. पण पहिला ठिपका तू कुठं ठेवायचीस? बैलापासून सुरू करायचीस की हरणापासून? वरून खाली यायचीस की खालून वर? मला माहीत नाही. एखाद्या नव्या नवरीला पुरणपोळीचा बेत सांगावा आणि तिला चूल कुठं आहे तेच ठाऊक नसावं, तशी माझी गत आहे. फरक एवढाच की ही नवी नवरी कवळी लावते.

माझं पहिलं वर्ष तू कुणालाच विसरू दिलं नाहीस, म्हणून मीच लिहून ठेवते. वडिलांनी लग्नात मला काळी छत्री दिली होती. मुदखेडच्या बाजारातली, वाकड्या दांड्याची. आखितीच्या उन्हात डोंगर चढायचा म्हटल्यावर मी तोंडाला पावडर लावली, टाचेच्या चपला घातल्या आणि छत्री उघडली. रंग काळवंडेल म्हणून. माझा रंग, अक्का. तव्याला काजळी लागेल म्हणून तवा झाकून ठेवणारी पहिली बाई मीच. बोरीच्या काट्यांत छत्री अडकायची, तू पुढं गेलेली मागं यायचीस, काटे सोडवायचीस आणि काही न बोलता पुन्हा पुढं. कपारीत पोचल्यावरही मी छत्री मिटली नाही.

"आता काहून?" तू विचारलंस. "वर खडक हाय ना."

"पाल पडली तर?"

तू खडकाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि शिंदीची काडी चावायला घेतलीस. तो सबंध दिवस मी तशीच उभी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वाटी. आणि तोंड चालूच. त्या मोठ्या बैलाला पाच पाय आहेत, हे मला त्याच दिवशी दिसलं.

"अक्का, ह्यात चूक आहे. बैलाला पाच पाय नसतात. एक सोडून दे."

"त्यो चालून राहिलाय," तू म्हणालीस. "चालत्या बैलाचे पाय मोजून दाव बरं मला."

मी गप्प बसले असते तर ती मी कसली. पुढच्या वर्षी मी भोकरहून ऑइल पेंटचा डबा आणवला. म्हटलं, एकदा नीट फासू, पाच-सात वर्षं बघायला नको. तू डबा हातात घेऊन उलटासुलटा केलास. "मंग पाच-सात वर्षं यायचंच न्हाई का हितं?" एवढं म्हणालीस, आणि तो रंग नेऊन गोठ्याच्या दाराला दिलास. ते दार अजून हिरवंगार आहे. कपारीतला गेरू मात्र दर वर्षी फिका होतो आणि दर वर्षी आपल्याला वर बोलावतो. हे मला कळायला केस पांढरे व्हावे लागले.

नंतर ह्यांना मुदखेडला रेल्वेत हंगामी काम लागलं आणि मी डोंगराला रामराम ठोकला. निघताना काय बोलले, ते तुला आठवत असणारच. "आता वाटी धरायला दुसरी कुणी बघा." तिकडं नळाचं पाणी, कपबशीतला चहा, दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या. सासर कुठलं असं कुणी विचारलं तर मी 'भोकरकडचं' म्हणायचे आणि डोंगराचं नाव गिळून टाकायचे. शेजारणी मला साहेबाची बायको समजतात असं मला वाटायचं. साहेब रुळांवरची खडी सारखी करत होता.

तीन वर्षांनी काम सुटलं, आम्ही परत आलो. आखितीच्या आधी तू नुसती वाटी माझ्या हातात दिलीस. 'आलीस का' नाही, 'बघ कशी आलीस' नाही. वर गेले तर कपारीच्या डाव्या कोपऱ्यात, इतर चित्रांपासून जरा लांब, एक बाई उभी दिसली. डोक्यावर झाड, हातात पुनवेचा चंद्र. मला वाटलं, ही आधीपासूनच असणार, आपलं लक्ष गेलं नसेल. पहिल्या खेपेला मी पालींकडे बघत होते ना.

"अक्का, ही कोण?"

"हाय एक येडी. उन्हाला भिते."

बस. मला तेवढं पुरलं. उन्हाला भिणारी माय. पुढं मी अंगणवाडीत लागले तेव्हा लेकरांना तिची गोष्ट सांगायचे: हजार वर्षांपूर्वी सूर्याशी भांडण झालेली माय, ती झाड डोक्यावर घेऊन फिरते. मी तिला हळदकुंकू लावायचे नाही, कारण रेषेवर काही लावायचं नाही हा तुझा कायदा. पण खाली फूल ठेवायचे. माझ्या धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा मी तिला नवस बोलले. तो बरा झाल्यावर तिच्यापुढं नारळ फोडला आणि डोकं टेकलं. तू मागं उभी होतीस, तोंडात मिश्री.

"आजून वाक," तू म्हणालीस.

मी अजून वाकले.

आता मयूरीचं. तिचं तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम, हे मी तू असतानाही सांगत होते. माझी नात असून लहानपणी ती झोपायची तुझ्या कुशीत. ती नांदेडला शिकायला गेली, जुन्या वस्तू, जुने दगड, जुनी हाडं यांचा अभ्यास करायला लागली, तेव्हा तू वस्तीभर सांगत होतीस, "आमची पोरगी मड्याचं कालेज शिकून राहिली." दिवाळीत ती घरी आली आणि ओसरीवर आपल्या दोघींपुढं बसून म्हणाली, "मोठी आज्जी, एक मागू? येत्या आखितीला कपार रंगवू नका. एकच वर्ष. आमचे सर पावसाळ्यानंतर येतील, नीट मोजमाप घेतील, फोटो काढतील. तुमच्या रंगाखाली अजून जुना रंग आहे. दर वर्षी तो झाकला जातो."

"झाकत न्हाई," तू म्हणालीस. "पांघरूण घालतो."

"पण पांघरुणाखाली कोण आहे ते दिसत नाही ना."

"निजलेल्याचं पांघरूण वढून बघत्यात का गं तुमच्या कालेजात?"

मयूरी रडवेली झाली. ती काही अडाण्यासारखं बोलत नव्हती, अक्का, आणि तूही नाही. म्हणून तर माझी पंचाईत झाली होती. दोन खोट्या माणसांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची ते मला कळतं. दोन खऱ्यांच्या भांडणात मी चहा ठेवायला आत जाते.

चहा घेऊन आले तोवर तिनं मोबाइलवर तुला काहीतरी दाखवायला घेतलं होतं. तिकडं ऑस्ट्रेलियात, समुद्रापार, तिथल्या मूळच्या लोकांच्या खडकांवरही अशीच चित्रं आहेत. काही ठिकाणी ज्यांची चित्रं त्यांनीच ती पुन्हा पुन्हा रंगवायची रीत आहे. तिकडंही यावरून वाद झाले. कुणी म्हणे जुनं झाकून जातं, आणि ती माणसं म्हणत, आम्ही रंगवलं नाही तर चित्रांतला जीव जाईल. मयूरी हे सगळं प्रामाणिकपणे सांगत होती. तिच्याच विरुद्ध जाणारी गोष्ट होती, तरी लपवली नाही. तू मोबाइल डोळ्यांशी नेलास. पावसाचे देव होते ते. पांढरे चेहरे, मोठाले डोळे, तोंडच नाही.

"ह्यांना त्वांड काहून न्हाई?"

"तसंच काढतात ते, मोठी आज्जी."

"बरं करत्यात. न्हाईतर आमच्या धाकलीवानी बडबडत बसले असते." मग जरा वेळानं तू विचारलंस, "त्यांची वाटी कोण धरतं?"

मयूरीला ते माहीत नव्हतं. मोबाइलमध्येही नव्हतं.

त्याच दिवाळीत मयूरीनं काढलेला कपारीचा एक फोटो कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि पुढच्या महिन्यात मोटारसायकलींवरून पोरं आली. रील काढली, आणि जाताना नाचणाऱ्या माणसांच्या रांगेशेजारी पांढऱ्या रंगानं बदाम काढून त्यात दोन नावं लिहून गेली. ऑइल पेंट होता, अक्का. माझ्या त्या डब्यासारखाच, नुसता रंग वेगळा. तुला आम्ही सांगितलं नाही. तू तोवर अंथरुणाला खिळलेली. सांगून काय केलं असतं? पण मला तेव्हापासून धसका बसला आहे. कोरी भिंत दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. एक वर्ष आपण गेलो नाही, रंग फिका पडला, तर लोक म्हणतील, हे आता कुणाचं नाही. मग बदामांची रांग लागेल. आणि रंगवलं, तर मयूरी माझ्याशी बोलायची नाही. तिचे सर म्हणाले, अशा जागी रंग लावणं कायद्यात बसतं का तेही बघावं लागेल. भोकरला तुझी सून सुनंदा, थोरली सून म्हणून रीतीनं वाटी आता तिची. तिला फोन केला तर म्हणाली, "काकू, मी आले असते, पण मयूरी म्हणते त्यात गुन्हाबिन्हा असतो. माझं नोकरीचं आहे." मी तिला दोष देत नाही. मला स्वतःलाच पोलिसाची गाडी दिसली की अंगणवाडीतला खाऊ चोरल्यासारखं होतं.

पाडव्याच्या आधी मी तुला पेज भरवत होते. तू दोन घास घेतलेस आणि चमचा बाजूला सारलास. मी आपलं विषय काढला. म्हटलं, "अक्का, पोरगी एवढी म्हणून राहिली, तर ह्या साली राहू द्या. एक वर्ष न्हाई गेलो तर काय बिघडतंय?"

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, डोळा लागला.

"काईच न्हाई बिघडायचं," तू म्हणालीस. "त्येचंच भ्याव वाटतं."

आणि भिंतीकडं तोंड केलंस. दुसऱ्या दिवसापासून तुझं बोलणं बंद झालं आणि पाडवा होऊन चार दिवस गेले नाहीत तोवर तूही गेलीस. आपलं भांडण तिथंच आहे, अक्का. पेजेच्या वाटीपाशी. त्याला मी रोज एक उत्तर तयार करते. भाजी निवडताना चांगलं सुचतं, सांगायला तुझ्या खोलीपर्यंत जाते, आणि खाट उभी करून ठेवलेली दिसते. खरं म्हणजे तुझं बोलणं मला तेव्हाच कळलं होतं. एक वर्ष चुकलं आणि आभाळ पडलं नाही, तर दुसरं वर्ष कोण कशाला जाईल? आभाळ पडलं असतं तर बरं, निदान लोक धावत वर गेले असते.

तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले. मयूरी माझ्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली. तिला वाईट वाटत होतं. तुझ्याशी शेवटचं नीट बोलणं झालं नाही, हे तिचंही दुखणं. म्हणाली, "आज्जी, तुला दाखवते मी काय म्हणत होते ते." तिनं कपारीचे फोटो काढून त्यांचे रंग काहीतरी करून वेगळे केले होते. लाल रंगाखालचा लाल, त्याच्याखालचा लाल. तो पाच पायांचा बैल मी बघितला. एकाखाली एक, कितीतरी बैल. एक जरा लठ्ठ, एक सडपातळ, एकाचं शिंग आत वळलेलं. "हे वेगवेगळे हात आहेत, आज्जी," ती म्हणाली. "ही कदाचित तुझी सासू. ही तिची सासू. प्रत्येकीची रेष जराशी सरकलेली." अगदी खालच्या बैलाचे पाय मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिले. तो चालत होता.

मग ती म्हणाली, "आता गंमत बघ. तुझी उन्हाला भिणारी माय." कोपऱ्यातली बाई पडद्यावर आली. "हिच्याखाली काहीच नाही. रंगाचे थर आहेत, पण सगळे एकाच हाताचे. आणि मग नुसता दगड. ही जुनी नाहीच. फार तर तुझ्या लग्नानंतरची असेल."

मी चष्मा पुसून बघितलं. मोठी करून दाखव म्हटलं. डोक्यावरचं झाड. झाडाला फांद्या नव्हत्या, अक्का. काड्या होत्या, सारख्या अंतरावर. आणि खोड खाली येऊन वाकडं झालेलं, मुठीपाशी.

मयूरी माझ्या तोंडाकडं बघत होती. "आज्जी, तुझ्याकडे ती वाकड्या दांड्याची छत्री होती ना? माळ्यावर आहे ती?"

"नाक बघ केवढं काढलंय," मी म्हटलं.

इतकी वर्षं मी स्वतःच्याच पाया पडत होते. स्वतःलाच नवस बोलले, स्वतःपुढंच नारळ फोडला, आणि तू मागं उभी राहून म्हणालीस, आजून वाक. अंगणवाडीची किती लेकरं मी माझ्याच छत्रीला हात जोडायला लावली असतील. मयूरीला हे सांगितलं तर ती हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही दोघीही. दिगंबर दारात येऊन बघून गेला. तेराव्याच्या घरात हसायचं नसतं. पण दोष तुझा आहे.

हसू ओसरल्यावर मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. छत्री कळली होती. दुसऱ्या हातातला पुनवेचा चंद्र अजून कळला नव्हता.

तो चंद्र नव्हता, अक्का. ती वाटी होती.

मी मुदखेडला कपबशीत चहा पीत होते त्या तीन वर्षांत वाटी कोण धरत होतं, हे मी तुला कधीच विचारलं नाही. सासूबाई तेव्हा गेलेल्या, घरात तिसरी सून नव्हती. एकटीनं रंगवायचं नाही, वाटी भुईवर ठेवायची नाही, आणि वर्ष चुकवायचं नाही. तीन कायदे, आणि तू एकटी. मग तू चौथा मोडलास, नवी रेष न काढण्याचा. बैलाचा एक पाय कमी करू दिला नाहीस मला, आणि स्वतः एक अख्खी बाई काढलीस. छत्रीसकट. म्हणजे ओळख चुकायला नको.

आणि परत आल्यावर मला एका शब्दानं बोलली नाहीस. रागानं की मायेनं, ते आता कोण सांगणार? मला वाटतं दोन्हींनी. बोलली असतीस तर मी भांडले असते, म्हणून तू दर वर्षी मला माझ्याच पायाशी वाकवलंस. ह्याला मिश्री लावणाऱ्या बाईचा न्याय म्हणतात.

मग आणखी एक आठवलं. तू कुंचली तयार केलीस की आधी डाव्या कोपऱ्यात जायचीस, त्या बाईच्या पायापाशी एक ठिपका टेकवायचीस. मी विचारायचे, तिथं काय? तू म्हणायचीस, "कुंचली चाखून बगते." मग तिची रेष पुरी करायचीस आणि तिथून बैलाकडं वळायचीस. मी म्हणत होते, सुरुवात कुठून करायची मला ठाऊक नाही. ठाऊक होती. मी बघितली होती. तेवढीच बघितली होती.

मयूरीशी मी काल बोलले. गेले काही दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवून. सातवी पास बाईनं कालेजाशी भांडायचं म्हणजे तयारी लागते.

"तुझं म्हणणं काय? जुन्यावर नवा रंग चढवू नका. बरोबर?"

"हो, आज्जी."

"बैलाला हात लावत नाही. हरणाला नाही, माणसांना नाही. तुझे सर येईपर्यंत त्यांना तसंच राहू दे. पण ह्या येडीच्या खाली जुनं काय आहे?"

तिनं लॅपटॉप उघडला, पुन्हा मिटला.

"तूच म्हणालीस, नुसता दगड. मग हिला रंगवलं तर तुझं काय जातं?"

"आज्जी, तू वकील व्हायला पाहिजे होतीस."

"माझं वर्ष चुकत नाही, तुझं जुनं झाकत नाही."

तिनं बराच विचार केला. लगेच हो म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग म्हणाली, "आधी मी एक फोटो काढून घेते. मग लाव. पण सरांना मला सांगावं लागेल, आणि ते चिडले तर चिडले." आणि जाता जाता दारातून मागं वळली. "पण वाटी कोण धरणार? सुनंदाकाकू तर नाही म्हणाल्या. आणि मला चालत नाही ना, मी ह्या घरची लेक, सून नाही."

"ती धरून उभीच आहे की, इतकी वर्षं."

बोलताना मी मोठी शहाणी वाटले असेन. पण उद्या आदला दिवस आहे, अक्का. गेरू भिजत घातला आहे. तो घट्ट झाला की पातळ, मला कळत नाही, दर खेपेला बोट बुडवून बघते आणि बोट लाल करून घेते. डिंक तू किती टाकायचीस? तुझे दात गेल्यापासून काडी मीच चावून देत होते, तेवढं एक मला येतं. पण आता माझे दातही दुकानातले. काल एक काडी चावून बघितली तर कवळीच काडीला लागून बाहेर आली. मधल्या बैलापुढून जाताना मला थांबता येईल का, तेही माहीत नाही. त्याचा पाचवा पाय फार फिका पडला आहे, आणि तो वर्षभर पांघरुणाशिवाय राहणार. पुढच्या आखितीला सर काय म्हणतील, सुनंदा येईल का, मी तरी असेन का? तो बदाम कसा काढायचा? तू म्हणशील, बडबड पुरे.

छत्री माळ्यावरून काढून ठेवली आहे. कापड विरलं आहे, काड्या शाबूत आहेत. उद्या उघडून नेणार आहे. चढावर बोरीचे काटे अडकतील तर अडकू देत; ह्या वेळी माझे मलाच सोडवावे लागतील.

कपारीशी चपला काढेन. आत येऊन डाव्या कोपऱ्यात पहिला ठिपका टेकवेन, तिच्या पायापाशी. वाटी तिच्या हाताला टेकवून धरेन, म्हणजे रीत मोडली असं कुणी म्हणायला नको. रेष वाकडी गेली, रानात शिरली, नाक आणखी लांब झालं, तर तुला हाक मारणार नाही.

पण एकदा खडकाला कान लावणार आहे, अक्का.